‘छान’च्या पुढचं

‘‘फोटो कसा आलाय गं?’’ असं मैत्रिणीनं विचारलं की आपल्या तोंडी एकच उत्तर तयार असतं. ‘‘छान!’’ हल्ली तर तेवढंही लिहायचे कष्ट नकोत, अंगठा दाबला की झालं. तीही खूश, आपणही मोकळ्या. मैत्रिणींनो, खरं सांगा, अशा किती अंगठ्यांनी तुमचा पुढचा फोटो सुधारला?

आमचं गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. इथं आम्ही बारा-तेरा जणींनी फोनवर एक गट केलाय. त्यात शिक्षिका आहेत, अंगणवाडीताई आहेत, शेतात राबणाऱ्या आहेत, एक किराणा दुकान चालवते, एक मावशी शिवणकाम करतात. सकाळची फुलं आणि सुविचार इथं टाकायचे नाहीत, स्वतः काढलेलाच फोटो टाकायचा आणि तोही आठवड्याला एकच, एवढेच नियम. पहिले दोन महिने गट नुसता अंगठ्यांनी भरला. आपला फोटो मागच्यापेक्षा बरा आलाय की वाईट, हे एकीलाही कळेना.

मग हळदीचे दिवस आले. फेब्रुवारी-मार्चात आमच्याकडे हळद निघते. जमिनीतून काढायची, कुकरमध्ये वाफेवर शिजवायची, पंधराएक दिवस उन्हात पसरून वाळवायची, पॉलिश करायची, तेव्हा कुठं ती हिंगोलीच्या नाहीतर वसमतच्या बाजारात जाते. या दिवसांत जिकडे बघावं तिकडे पिवळंच पिवळं. साहजिकच गटातले फोटोही हळदीचे. त्यातला एक गटातल्या सगळ्यात लहान सुनेचा होता. लांबवर हळद पसरलेली आणि मधोमध तिची सासू वाकून हळद वरखाली करतेय.

अंगठे आले नऊ. ‘मस्त’, ‘वा गं’, ‘सोनंच की हे!’ मग शिवणवाल्या मावशींचा निरोप आला. त्यांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून त्या बोलूनच पाठवतात. ‘‘हळद दिसायली बाई, पण तुझी सासू कुठं हाय? पदराखाली नुसता काळा डाग दिसायलाय. मला तर तिचंच तोंड बघायचं होतं.’’

गट एकदम चिडीचूप. रात्री सुनेचा मला फोन, ‘‘वहिनी, मावशी रागावल्या का हो माझ्यावर?’’

मावशी कशाला रागावतील? त्यांचा धंदाच तो. ब्लाउजची ट्रायल घेताना ‘‘छान बसलंय हो बाई’’ म्हणणारी शिंपीण आपल्या काय कामाची? आपल्याला हवी असते ती ‘‘मुंढ्यात ओढतंय, अर्धा इंच सोडते’’ म्हणणारी. ती आपल्या अंगाला नावं ठेवत नाही, शिवणारीलाही ठेवत नाही. कुठं ओढतंय ते दाखवते आणि किती उसवायचं ते सांगते. मावशींनी फोटोची ट्रायल घेतली, एवढंच झालं होतं. फक्त किती उसवायचं ते सांगायचं राहिलं होतं, ते दुसऱ्या दिवशी आम्ही तिघींनी मिळून शोधलं.

फोटो काढला होता भर दुपारी बाराला. डोक्यावर ऊन, खाली चकाकणारी पिवळी हळद. एवढा उजेड दिसला की फोनचा कॅमेरा सगळं चित्र थोडं काळपट करतो. मग आधीच पदराच्या सावलीत असलेला चेहरा पार बुडतो. आणि हळदीचंही नुकसानच होतं. उन्हातला भडक पिवळा एकसारखा सपाट येतो, हळकुंड वेगळं दिसतच नाही, नुसती पिवळी चादर. यावर उपाय दोन. एक म्हणजे फोटो काढण्याआधी पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवायचं. मग कॅमेरा चेहऱ्याच्या हिशेबानं उजेड घेतो. बऱ्याच फोनवर तिथं एक छोटा सूर्य दिसतो, तो वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. दुसरा उपाय त्याहून सोपा, संध्याकाळी पाचला जायचं. ऊन तिरपं झालं की प्रत्येक हळकुंडाला आपापली सावली मिळते.

सून पाचला गेली, आणि यावेळी चेहऱ्यावर ऊन पडेल अशा बाजूला उभी राहिली. दुसरा फोटो आला तेव्हा सासूबाईंच्या कपाळावर घामाला चिकटलेली हळदीची धूळसुद्धा दिसत होती. अंगठे पुन्हा नऊच आले! पण यावेळी एकीनं विचारलं, ‘‘हे कसं जमलं गं?’’ त्या प्रश्नापासून आमचा गट खरा सुरू झाला, असं मी मानते.

खरा शेरा मात्र मिळाला तो घरातच. सुनेनं दोन्ही फोटो सासूला दाखवले. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘माझे हात कामून घेतले न्हाईस? काम तर हातानं केलं म्या.’’ तिसरा फोटो नुसत्या हातांचा आहे. नखांत पिवळं, बोटांच्या पेरांना चिरा. फोटोतल्या माणसाला फोटो दाखवून विचारायचं असतं, हे आपल्याला सुचतच नाही. आणि बाईमाणसाचा फोटो चार जणींत टाकायचा तर आधी तिला विचारायलाच हवं. सासू झाली म्हणून काय झालं?

आता एक गंमत सांगते. फोटो एकमेकांना दाखवून बोलून घेण्याची ही रीत फोनबरोबर आलेली नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. पण मला जास्त जवळची वाटते ती पोस्टाची मंडळं. बनारसजवळच्या रामनगरच्या मनोबीना आणि देबलीना या जुळ्या बहिणी, जन्म १९१९चा. वडिलांना फोटोग्राफीचं वेड, त्यांनी लहान वयातच मुलींच्या हाती कॅमेरे दिले. पुढं दोघी तेव्हाच्या संयुक्त प्रांतातल्या एका ‘पोस्टल पोर्टफोलिओ सर्कल’च्या सभासद झाल्या. अशा मंडळांची रीत साधारण अशी असे, की सभासदांचे फोटो एका पाकिटात किंवा पेटीत घालून पोस्टानं घरोघर फिरायचे. ज्याच्याकडे पेटी पोचेल त्यानं प्रत्येक फोटो बघायचा, आपलं मत सोबतच्या कागदावर लिहायचं आणि पेटी पुढच्याकडे रवाना करायची. फिरत फिरत पेटी आपल्याकडे परत आली की आपला फोटो आणि त्यावरचे सगळे शेरे काढून घ्यायचे, नवा फोटो घालायचा.

बघा बरं, उंबरठ्याबाहेर फारसं न जाता दूरदूरच्या छायाचित्रकारांकडून शिकायची केवढी सोय! त्या काळच्या मुलींना ती किती मोलाची वाटली असेल. यातल्या मनोबीना पुढं ‘दो बिघा जमीन’वाल्या बिमल रॉय यांच्या पत्नी झाल्या आणि मुंबईत राहिल्या. संसार, मुलं सांभाळून त्यांनी फोटो काढणं चालूच ठेवलं. मला त्या कागदाचा हेवा वाटतो. पेटी पुढं पाठवायच्या आधी काहीतरी लिहिणं भाग होतं. पोस्टाच्या पेटीत अंगठा कुठून टाकणार?

आणि फोटो कुणाचा हेही तिथं स्पष्ट असायचं. हे साधं वाटतं, पण तसं नाही. होमाई व्यारावाला यांना आपण पहिल्या भारतीय महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखतो. २०११मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या बाईंचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते पती माणेकशा यांच्या नावानं. आमच्या गटातलं सांगू? किराणा दुकानवालीचा पावसाचा फोटो तिच्या यजमानांनी आपल्या स्टेटसला लावला. दिवसभर त्यांना ‘भारी काढलाय राव’ येत राहिलं आणि ते ‘थँक यू’ म्हणत राहिले. ही गल्ल्यावर बसून ऐकत होती. तिला विचारलं तर म्हणाली, ‘‘जाऊ द्या हो, घरातलंच हाय की.’’ पुढच्या फोटोपासून मात्र तिनं कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव टाकायला सुरुवात केली. यजमानांनी कारण विचारलं नाही म्हणे.

कौतुक चुकीच्या घरी जातं तसे शेरेही जातात. बाईनं फोटो टाकला की बोलणं फोटोवरून घसरून बाईवर कधी येतं, कळतच नाही. ‘‘किती जाड झालीस!’’ ‘‘साडी तीच का पुन्हा?’’ आमच्यातल्या एकीनं आपल्या स्वयंपाकघराचा फोटो टाकला होता. पत्र्याला पडलेल्या भोकातून सकाळचं ऊन तिरपं आत आलेलं, चुलीच्या धुरात त्याचा सरळ पट्टा उमटलेला. खाली भांडी, कोपऱ्यात एक तडा गेलेली बादली. गटात आजवर आलेला सगळ्यात चांगला फोटो तो, असं माझं आजही मत आहे. त्यावर पहिलाच शेरा पडला, ‘‘केवढा पसारा! ती फुटकी बादली तरी सरकवायची होतीस.’’ मागून दोन हसरे चेहरे. दहा मिनिटांत फोटो गटातून नाहीसा झाला आणि संध्याकाळपर्यंत तीही.

शेरा मारणारी वाईट नव्हती. तिच्या मनात आलं ते तिनं लिहिलं. पण पत्र्याला भोक का आहे, बादली नवी का नाही, याची उत्तरं चारचौघींत द्यायची वेळ त्या बाईवर आली. फोटोवर बोललेलं पुढच्या फोटोत सुधारता येतं. गरिबीवर बोललेलं कसं सुधारायचं? आम्ही नंतर तिसरा नियम केला. उजेडावर बोला, चौकटीत काय यायला हवं होतं नि काय नको यावर बोला, अंगावर आणि घरावर बोलायचं नाही. शेरा मारणारी स्वतः तिच्या घरी जाऊनही आली. चहा मिळाला, गोड बोलणं झालं, गटात काही ती परतली नाही. आता पाच महिने झाले.

नियमापेक्षा मला मावशींची सवय जास्त कामाची वाटते. त्या आता शेरा देण्याआधी एकच सांगतात, ‘‘माझी नजर आधी इथं गेली.’’ बस्स. हळदीवर गेली, चेहऱ्यावर गेली, मागच्या विजेच्या खांबावर गेली. तिथंच जावी असं आपल्याला वाटत होतं का, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. ऐकणारीनंही लगेच ‘‘अगं तेव्हा लाइट नव्हती, लेकरू रडत होतं’’ अशी कैफियत मांडू नये. फोटो बघणाऱ्याला लेकराचं रडणं ऐकू येत नाही. बारीकसारीक गोष्टीही आम्ही अशाच शिकलो. लेन्सवर कणकेचं बोट लागलेलं असतं, ते पदरानं आधी पुसायचं. झूम करण्याऐवजी चार पावलं पुढं जायचं, नाहीतर चित्र फाटतं. गटात फोटो नेहमीसारखा पाठवला तर आकारानं लहान होऊन बारकावे जातात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. आणि शेरा द्यायला रात्र घ्यायची. सकाळी तोच फोटो बऱ्याचदा वेगळा दिसतो.

ती चुलीच्या फोटोवाली मला अधूनमधून गिरणीत भेटते. फोटो काढणं तिनं सोडलेलं नाही. दळण होईपर्यंत फोन पुढं करते आणि एकेक दाखवते. गटात यायचं विचारलं की ‘‘बघू’’ म्हणते. मीही फार रेटत नाही. मागच्या आठवड्यात दाखवला तो त्याच बादलीचा. बादलीत पाणी, पाण्यात पत्र्याचं भोक आणि त्यातून दिसणारा आभाळाचा रुपयाएवढा तुकडा.

‘‘ताई, नजर आधी कुठं गेली तुमची?’’ तिनं विचारलं.

‘‘आभाळावर. मग तड्यावर.’’

‘‘तडा कापून टाकू का?’’

‘‘मी तर ठेवला असता. तुला काय वाटतं?’’

तिनं बराच वेळ फोटोकडे बघितलं. तेवढ्यात गिरणीवाल्यानं तिच्या डब्याचं नाव पुकारलं.