ॲलर्जी जाते कुठे?

२०२५ च्या वैद्यकीय नोबेलच्या बातम्यांत उंदीर आले, जनुक आले, कॅन्सरही आला. पण चमचाभर दह्याने ज्या घरातलं बाळ लालेलाल होतं, त्या घराला या बातमीत काय आहे? त्यासाठी ऑस्लोला जावं लागतं.

नोबेलविजेत्यांपैकी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलेल्या नियामक टी-पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी. गाईच्या दुधाची ॲलर्जी बहुतेक मुलांची वयानुसार सुटते. त्यात या पेशींचा हात आहे का, हे ऑस्लोतल्या पेर ब्रांट्झेग यांच्या गटाने तपासलं आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केलं. २१ मुलं, सरासरी वय दोन वर्षं. किमान दोन महिने दूध बंद ठेवून मग ते पुन्हा पाजलं. १३ जणांनी ते निभावलं, ८ जणांना त्रास झाला. आठवड्याने रक्त तपासलं, तर ॲलर्जी सुटलेल्या मुलांत नियामक पेशी जास्त.

इथवर ठीक. खरी मजा पुढे आहे. ॲलर्जी सुटलेल्या मुलांच्या रक्तातून नियामक पेशी काढून टाकल्या आणि उरलेल्या पेशींपुढे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे दुधातलं प्रथिन ठेवलं. त्या पेशींची वाढ पाचपट झाली! म्हणजे ॲलर्जी ‘गेली’ म्हणतो तेव्हा ती घरातच असते. ओट्यावर आजोबा बसलेत म्हणून भावाभावांचे आवाज चढत नाहीत, एवढंच.

अर्थात मुलं २१च, आणि त्यांची ॲलर्जी आयजीई प्रतिपिंडांविना होणारी, बहुधा उशिरा त्रास देणारी. दूध पोटात जाताच ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो, त्यांना हा हिशेब जसाच्या तसा लावू नये. तशा मुलांच्या घरी तर कसलाच प्रयोग नको, भाजलेल्या दुधाचाही. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाईतल्या २००८ च्या अभ्यासात १०० पैकी ६८ मुलांना मफिन-वॉफलमधलं भाजलेलं दूध चाललं, नुसतं दूध नाही. भाजताना लॅक्टोग्लोब्युलिनची घडी मोडते, केसीन हे दुधातलं दुसरं प्रथिन मात्र तग धरतं. आपलं उकळून साय धरलेलं दूध म्हणजे मफिन नव्हे.

‘शेळीचं देऊन बघा’, ‘ए-टू द्या’ हे सल्लेही पुरे झाले. शेळीचं केसीन गाईच्या केसीनचं सख्खं भावंड. ए-टूमध्ये बीटा-केसीनच्या साखळीतला एक दुवा तेवढा बदललेला, लॅक्टोग्लोब्युलिन तेच.

माझी तक्रार वेगळीच आहे. फाईलवर एकदा ‘दूध बंद’ लिहिलं की पुढे वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही. डॉक्टरांच्या नजरेखाली, थेंबाथेंबाने पुन्हा पाजून बघायची वेळ आली का, हा प्रश्न आईबापांनीच दर भेटीत काढावा. ऑस्लोतल्या १३ जणांची ॲलर्जी सुटली होती, हेही पुन्हा दूध पाजल्यावरच कळलं.