हाफ तिकिटाची तलवार केवढी?

दोस्तांनो, आज एक कोडं घालते. तीन फूट उंचीचा एक शूर वीर आहे. त्याच्यापुढे सहा फुटी माणसासाठी घडवलेली तलवार ठेवली. ती त्याला एका हाताने पेलेल, की दोन्ही हात लावावे लागतील? की त्याने लोहाराकडे जाऊन आपल्या मापाची छोटी तलवार करून घ्यावी? आणि घेतलीच, तर त्या छोट्या तलवारीचा घाव मोठीएवढा लागेल का?

हसू नका हं! या प्रश्नावर चांगली दाढीमिशीवाली माणसं वर्षानुवर्षं वाद घालत आली आहेत. कारण हा वीर एका खेळातला आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ असं त्या खेळाचं नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो अमेरिकेत १९७४ साली काढला. चारपाच जण टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला म्हणतात डंजन मास्टर. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. समोर राक्षस आला की ‘मी तलवार मारतो’ एवढं म्हणून भागत नाही, फासा टाकावा लागतो. वार लागला की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. लागला तर किती जोरात, हे दुसऱ्या फाशावर. ल्यूडोचा फासा सहा बाजूंचा असतो, इथे चार, आठ, दहा, बारा बाजूंचेही असतात.

या पात्रांत हाफलिंग नावाची बुटक्या माणसांची एक जमात आहे. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या मुलांनी सुट्टीत हा खेळ मांडला, तेव्हा त्यांना हे नाव काही पचेना. त्यांनी सरळ ‘हाफ तिकीट’ करून टाकलं! लोकलमध्ये पाच ते बारा वर्षांच्या मुलाचं निघतं ना, तसं. आपणही तेच म्हणू या.

हे हाफ तिकीट आलं कुठून? टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या ‘द हॉबिट’ या १९३७ सालच्या पुस्तकातून. त्यातल्या बुटक्या बिल्बोला एक छोटं पातं सापडतं. मोठ्या माणसाला ती नुसती सुरी वाटावी, पण बिल्बोच्या कमरेला ती तलवार म्हणून शोभते. मोठ्याची सुरी ती छोट्याची तलवार! २००० साली या खेळाची जी तिसरी आवृत्ती निघाली, तिचा नियम नेमका याच धर्तीचा होता. प्रत्येक शस्त्राला स्वतःचं माप. आखूड तलवार लहान मापाची, ती हाफ तिकिटाने एका हातात धरावी. लांब तलवार मध्यम मापाची, तिला त्याने दोन्ही हात लावावेत. आणि मोठा माणूसच जी दोन हातांनी उचलतो, त्या अजस्र तलवारीच्या वाटेला त्याने जाऊच नये.

सोपा आणि समजणारा नियम. मला तर हाच सगळ्यांत आवडतो. पण तीन वर्षांतच तो बदलला.

२००३ साली नवा विचार आला. माप शस्त्राचं नव्हे, ते धरणाऱ्याचं! आता प्रत्येक शस्त्र कुणाच्या तरी अंगाप्रमाणे घडवलेलं. हाफ तिकिटालाही लांब तलवार मिळू लागली, पण त्याच्या मापाची. मोठ्याच्या लांब तलवारीचा जोर आठ बाजूंच्या फाशाने ठरे, तर याच्या तलवारीला सहा बाजूंचा फासा. आता गणित करा. आठाच्या फाशावर सरासरी साडेचार पडतात, सहाच्या फाशावर साडेतीन. म्हणजे प्रत्येक घावाला सरासरी एक गुण कमी. आणि दुसऱ्याच्या मापाचं शस्त्र उचलायचा हट्ट केला, तर मापात जितक्या पायऱ्यांचा फरक, तितके दोन-दोन गुण नेम धरताना वजा. बदल्यात लहान चणीच्या पात्राला काही मिळे बरं का. त्याचा नेम एका गुणाने चांगला, त्याला वार लागणं एका गुणाने अवघड, आणि लपाछपीत तर तो चार गुणांनी पुढे.

यातला एक तपशील वाचून मला फार हसू आलं. लहान मापाच्या शस्त्राचं वजन निम्मं, पण किंमत तेवढीच! लहान मुलांचे बूट घ्यायला गेलेल्या पालकांना हे निराळं सांगायला नको.

पण वजन निम्मं हे बरोबर आहे का? वरच्या वर्गातल्या मुलांनी वही काढा. हाफ तिकीट तीन फुटांचं, माणूस सहा फुटांचा. तलवारीची लांबी निम्मी केली, रुंदी निम्मी केली, जाडीही निम्मी केली, तर वजन किती? निम्म्याचं निम्मं, त्याचंही निम्मं. म्हणजे आठवा हिस्सा! पुस्तकात लांब तलवार चार पौंडांची आणि छोटी दोन पौंडांची आहे. हिशेबाने ती अर्ध्या पौंडाची हवी. खेळ लिहिणाऱ्यांनी इथे गणिताकडे जरा काणाडोळा केला आहे. पण अर्ध्या पौंडाची तलवार घेऊन राक्षसावर कोण धावून जाईल?

सोसायटीतल्या मुलांत या नियमावरून जुंपली. एक मुलगी म्हणाली, “बाई, पेन्सिल छोटी झाली म्हणून अक्षर छोटं येतं का?” त्यावर पाचवीतला एक जण म्हणाला, “पण छोट्या बॅटने सिक्सर जात नाही!” आणि गाडी बॅटवर आली.

बॅटचा विषय निघालाच आहे, तर पालकहो, दोन शब्द तुमच्याशी. मुलांच्या बॅटी १ ते ६ नंबरांत मिळतात, मग हॅरो नावाचं माप, आणि त्यानंतर मोठ्यांची बॅट. ही मापं उंचीप्रमाणे आखलेली आहेत. क्रिकेटचे नियमही हा फरक मानतात. पुरुषांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, तर तेरा वर्षांखालच्या मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा. म्हणजे २००३ सालचाच नियम, हत्यार खेळणाऱ्याच्या अंगाप्रमाणे! पण आपण दुकानात जातो आणि म्हणतो, “एक नंबर मोठीच द्या, दोन वर्षं चालेल.” मग ते पोर दोन वर्षं प्रत्येक चेंडूला उणे दोन गुण घेऊन खेळतं. बॅट वर नेऊन खाली आणेपर्यंत चेंडू यष्टीरक्षकाकडे पोचलेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, सचिनचं काय? बरोबर पकडलंत! वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात वाढलेला सचिन तेंडुलकर लहानपणी मोठा भाऊ अजित याच्या बॅटने खेळायचा. अजित त्याच्याहून बराच मोठा. बॅट अंगापेक्षा मोठी, म्हणून ती दांडीच्या खालच्या टोकाशी धरायची सवय लागली. पुढे रमाकांत आचरेकर सरांनी धरण्याची पद्धत बदलायला सांगितली, पण ती काही त्याच्या हाताला मानवली नाही. पकड तशीच राहिली. मोठेपणी त्याची उंची सुमारे साडेपाच फूट आणि बॅट मात्र तीन पौंडांहून जड! उंचीवरून शस्त्र ठरवायचं असतं, तर ही बॅट त्याच्या हाती कुणी दिलीच नसती.

हाफ तिकिटांचं नशीबही असंच हळूहळू उघडलं. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत त्यांना साधी लांब तलवार पूर्ण जोराने वापरायची मुभा मिळाली. सगळ्यांसारखाच आठ बाजूंचा फासा! फक्त ‘जड’ असा शिक्का असलेली शस्त्रं अडली. दुहाती अजस्र तलवार, माणसाएवढं लांब धनुष्य वगैरे. ती उचलली, तर नेमाचा फासा दोनदा टाकायचा आणि त्यातलं कमी दान धरायचं. समजा वार लागायला वीसपैकी ११ किंवा जास्त हवेत. एका फाशाला संधी निम्मी. पण दोन्ही वेळा ११ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे निम्म्याची निम्मी, फक्त पाव!

आणि २०२४ साली तर उंचीची अटच गेली. जड तलवार किंवा फरशी उचलायची आहे? मग बळ किती ते सांगा. साधारण माणसाचं बळ १० धरतात. ते १३ किंवा जास्त असेल, तर तीन फुटी वीरानेही खुशाल उचलावी. १३ पेक्षा कमी असेल, तर सहा फुटी पहिलवानालाही दोनदा फासा टाकायची शिक्षा. जड धनुष्याला बळाऐवजी चपळाई बघतात. शिवधनुष्याची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. रावणाला न हललेलं धनुष्य छोट्या सीतेने खेळता खेळता उचललं, असं सांगतात. तिथे कुणी पट्टी घेऊन उंची मोजली नव्हती!

हा वाद तुम्हांला घरी खेळून बघायचा असेल, तर ल्यूडोचा एक फासा पुरे. दोघांनी खेळायचं, प्रत्येकाला २० प्राण. दोघेही हाफ तिकीट. एकाकडे छोटी तलवार, दुसऱ्याकडे जड. ४, ५ किंवा ६ पडले तर वार लागला. छोट्या तलवारीने समोरच्याचे २ प्राण जातात, जड तलवारीने ३. मात्र जडवाल्याने दर वेळी फासा दोनदा टाकून कमी दान धरायचं. वीस डावांत छोटीचे साधारण १० वार लागतील, म्हणजे २० प्राण. जडीचे लागतील ५, म्हणजे १५. छोटी तलवार जिंकली! आता जड तलवारीला ३ ऐवजी ४ प्राण द्या, म्हणजे हिशेब बरोबरीत येईल. ५ दिले की पारडं फिरलं. आमच्या सोसायटीत सध्या ४ की ५, यावरून दोन तट पडले आहेत, आणि हाफ तिकीट झालेली दोन्ही पोरं ५ वर अडून बसली आहेत.