मीटरची पिवळी काच : घासण्याआधी ओळखा

जुनी मोटारसायकल विकायची असो वा हौसेने नवी करून घ्यायची असो, गिऱ्हाईकाची एक तक्रार ठरलेली असते. मीटरची काच पिवळी पडली, काटा दिसत नाही. नवा मीटर महाग पडतो, आणि १९९६ मध्ये उत्पादन बंद झालेल्या यामाहा आर. एक्स. १०० सारख्या गाडीचा अस्सल मीटर सहज मिळतही नाही. अशा वेळी जुनीच काच साफ करून देणाऱ्या कारागिराला चार पैसे मिळतात. मात्र हे काम न समजता केले तर पदरचे भरून द्यावे लागते.

आमच्याच हातून हे घडले आहे. एका गिऱ्हाईकाची काच आम्ही थिनरने पुसली. त्या वेळी ती स्वच्छ दिसली, पण दुसऱ्या दिवशी तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडल्या होत्या. तो मीटर आम्हाला भरून द्यावा लागला. म्हणून आमच्या कारागीर बांधवांना पहिली सूचना ही, की मीटरच्या प्लास्टिकला थिनर, पेट्रोल वा अ‍ॅसिटोन लावू नका.

मुळात हा पिवळेपणा म्हणजे मळ नव्हे. आपण जिला काच म्हणतो ते बहुधा अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. उन्हातील अतिनील किरण आणि हवेतील ऑक्सिजन यांच्यामुळे त्याचा वरचा पातळ थर खराब होतो. साबणाने तो निघत नाही, घासूनच काढावा लागतो.

आधी परीक्षा करा. काच साबणाच्या पाण्याने धुऊन तिच्यावर ओले बोट फिरवा. ओली असताना ती स्वच्छ दिसली तर दोष वरच्या थरात आहे आणि काम होण्यासारखे आहे. ओली करूनही पिवळी वा धुरकट दिसली तर दोष खोलवर किंवा आतल्या बाजूला आहे. अशा कामाची हमी देऊ नका.

शक्य असल्यास काच सुटी करा, नाहीतर भोवती चिकटपट्टी लावा. पाणी लावून आधी १००० नंबरचा, मग १५०० चा आणि शेवटी २००० चा पॉलिश पेपर फिरवा. प्रत्येक वेळी दिशा बदला आणि आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घेऊ नका. घाईमुळे काम बिघडते ते इथेच. नंतर मऊ फडक्याने बारीक कंपाउंड व शेवटी प्लास्टिकचे पॉलिश लावा. मशीन वापरल्यास वेग कमी ठेवा, कारण उष्णतेने प्लास्टिक वितळते. आतल्या तबकडीला आणि काट्याला मात्र काहीही लावू नका, छापलेले आकडे निघून जातील.

मीटरभोवतालचा पांढरा किंवा फिकट भाग पिवळा पडला असेल तर उपाय वेगळा आहे. तो बहुधा ए.बी.एस. प्लास्टिकचा असतो. भाग सुटा करून त्यावर केस रंगवण्याच्या कामी येणारे हायड्रोजन पेरॉक्साइडचे क्रीम सारखे पसरा, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि काही तास उन्हात ठेवा. मधूनमधून पाहत राहा. क्रीम वाळले तर डाग पडतात. हातमोजे व चष्मा वापरा, क्रीम कातडीला भाजते. काळ्या किंवा रंग दिलेल्या भागावर हा प्रयोग करू नका.

घासलेली काच उघडी ठेवली तर उन्हाने ती पुन्हा पिवळी पडते, कारण मूळचा संरक्षक लेप असल्यास तोही घासण्यात गेलेला असतो. म्हणून अतिनील किरण अडवणारा पारदर्शक लेप द्या. आधी टाकाऊ तुकड्यावर तो लावून पाहा, कारण काही लेपांतच थिनर असतो. लेप नसेल तर निदान मेण लावा आणि ते अधूनमधून पुन्हा लावावे लागेल हे सांगा.

शेवटची गोष्ट व्यवहाराची. काम हाती घेण्यापूर्वीच सांगा, की काच सुधारेल, पण नवी होणार नाही. मीटर उघडला म्हणून किलोमीटरचा आकडा मागे घेण्याची मागणी झाली तर साफ नकार द्या. ती उद्या गाडी घेणाऱ्याची फसवणूक आहे. काच स्वच्छ करायची ती खरा आकडा दिसावा म्हणून.