बारावीचे वर्ष : झेपेल तेवढेच ओझे



दहावीचा निकाल लागला की आपल्या सीमाभागातील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : आता पुढे काय? उचगावसारख्या गावी, जेथे शेती हा घरचा आधार आहे आणि मराठी शाळा हा मुलांचा पहिला संस्कार आहे, तेथे या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळते. गुण चांगले असतील तर शास्त्रशाखा, तीही चारही शास्त्रविषयांसह. बरे असतील तर वाणिज्य. आणि उरलेल्यांना कला. विषयांची निवड ही जणू गुणांची प्रतवारी होऊन बसली आहे. मुलाला काय झेपेल, त्याला कोठे जायचे आहे आणि त्याच्या दिवसाला तास किती, हे तीन प्रश्न विचारले जात नाहीत. पुढे दोन वर्षांनी, म्हणजे पीयूसीच्या दुसऱ्या वर्षी, त्यांची उत्तरे द्यावीच लागतात. पण तोवर उशीर झालेला असतो. आज या तीन प्रश्नांविषयीच बोलण्याचे मी योजिले आहे.

प्रथम आपल्या राज्याची रचना पाहू. कर्नाटकात पीयूसीच्या विद्यार्थ्याला दोन भाषा आणि चार वैकल्पिक विषय असे एकूण सहा विषय असतात. प्रत्येकी १०० प्रमाणे ६०० गुण. हे चार विषय सुटे निवडता येत नाहीत. महाविद्यालयांनी त्यांचे गट बांधलेले असतात. शास्त्रशाखेत पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित हे तीन विषय बहुतेक गटांत समान, आणि चौथा जीवशास्त्र, संगणकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स. वाणिज्य शाखेत हिशेबशास्त्र, व्यवसाय अध्ययन आणि अर्थशास्त्र यांना इतिहास, संख्याशास्त्र अथवा संगणकशास्त्र यांची जोड. कला शाखेत इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र. पहिल्या वर्षी जो गट घेतला तोच दुसऱ्या वर्षी पुढे न्यावयाचा असतो. म्हणजे बारावीचे ओझे खरे तर दहावीनंतरच्या पंधरा दिवसांतच ठरते.

या बाबतीत शेजारच्या महाराष्ट्रात थोडी मोकळीक आहे. तेथे शास्त्रशाखेचा विद्यार्थी गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक सोडू शकतो, आणि प्रवेशपरीक्षेचेही तसे दोन गट आहेत. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. १९५६ सालापूर्वी बेळगाव मुंबई राज्यात असताना इंटर सायन्सचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन गट असत. एक गणिताचा, दुसरा जीवशास्त्राचा. ज्याला अभियंता व्हायचे त्याने एक वाट धरावी, ज्याला वैद्य व्हायचे त्याने दुसरी, असा तो सरळ हिशेब होता. आज आपल्याकडील चार शास्त्रविषयांच्या गटात दोन्ही वाटा एकत्र आल्या आहेत. दोन्ही दारे उघडी राहतात हा त्याचा लाभ. पण दोन्ही दारांपर्यंत एकाच वेळी धावावे लागते, ही त्याची किंमत. लाभ सर्वांना दिसतो. किंमत मात्र मुलालाच मोजावी लागते.

आता ही किंमत तासांत मोजून पाहू. उचगावची एखादी विद्यार्थिनी नमुन्यादाखल घ्या. ती सुळगा, हिंडलगा या वाटेने बसने रोज बेळगावला जाते. दिवसाचे तास चोवीस. त्यांतून झोपेचे सात वजा करा. वाढत्या वयाला यापेक्षा कमी झोप देणे म्हणजे कर्ज काढून सण साजरा करणे होय. महाविद्यालयाचे साडेसहा तास. बसची वाट पाहणे धरून जाण्यायेण्याचे दोन. स्नान, जेवण, आवराआवर यांचे दोन. घरकामाचा एक, आणि भातलावणीच्या किंवा सुगीच्या दिवसांत तो एकाचे तीन होतात हे आपण सारे जाणतो. बेरीज झाली साडेअठरा. उरले साडेपाच तास. त्यांत शिकवणीवर्गाचे दोन गेले की हाती राहतात साडेतीन तास, म्हणजे २१० मिनिटे. विषय सहा. प्रत्येकाच्या वाट्याला आली ३५ मिनिटे.

हा हिशेब मी कोणास भिववण्यासाठी मांडला नाही. पस्तीस मिनिटे रोज नेमाने मिळाली तरी पुष्कळ काम होते, आणि रविवार असतोच. परंतु याच मिनिटांतून पुढे आणखी परीक्षा द्यावयाच्या असतात. पीयूसीची वार्षिक परीक्षा, कर्नाटकाची सीईटी, वैद्यकीय प्रवेशाची नीट, राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्थांसाठी जेईई, आणि महाराष्ट्रात जाण्याचा विचार असल्यास तेथील सीईटी. अशा पाच परीक्षांचे अर्ज भरणारी मुले आपल्या गावोगावी आहेत. पाचांच्या प्रश्नांची धाटणी पाच प्रकारची. नीटमध्ये चुकलेल्या उत्तराला गुण कापले जातात, कर्नाटकाच्या सीईटीत कापले जात नाहीत. तेव्हा एकीत जे शहाणपण ते दुसरीत नुकसान. पाच विहिरी पाच-पाच हात खणणाऱ्याला पाणी लागत नाही. एक विहीर पंचवीस हात खणणाऱ्याला ते लागण्याचा संभव असतो.

म्हणून पहिला प्रश्न हा की, जायचे कोठे? वैद्यकीय शिक्षणासाठी पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र एवढेच विषय मोजले जातात. गणिताचा तेथे संबंध नाही. अभियांत्रिकीला गणित हवे, जीवशास्त्र नको. कृषी पदवीला जीवशास्त्र लागते. तिचे प्रवेश कर्नाटकात सीईटीतूनच होतात आणि शेतकरी कुटुंबातील मुलांसाठी प्रात्यक्षिक परीक्षेसह वेगळा कोटाही आहे. ज्या मुलाने लहानपणापासून चिखलणी पाहिली आहे त्याने या वाटेकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. कायद्याच्या पाच वर्षांच्या पदवीला कोणतीही शाखा चालते. सनदी लेखापालाच्या मार्गाला शास्त्रशाखेची गरजच नाही. आणि ज्याचा हात यंत्रात रमतो त्याला दहावीनंतर तीन वर्षांची पॉलिटेक्निकची पदविका घेऊन पुढे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळवता येतो. बारावीच्या शर्यतीत न पडताही तो अभियंता होऊ शकतो, ही गोष्ट पालकांनी विसरू नये.

दुसरा प्रश्न : गुण कोठे मोजले जातात? पुष्कळ मुले दुसऱ्या वर्षी महाविद्यालयाच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष करून केवळ प्रवेशपरीक्षेच्या मागे लागतात. कर्नाटकात अभियांत्रिकीचा क्रमांक ठरविताना निम्मा भार पीयूसीच्या पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित यांतील गुणांना असतो, निम्मा सीईटीला. दोन विद्यार्थी घ्या. एकाला पीयूसीत या तीन विषयांत ३०० पैकी २७०, म्हणजे शेकडा ९०, आणि सीईटीत १८० पैकी ९०, म्हणजे शेकडा ५०. त्याची निम्मी-निम्मी बेरीज ७०. दुसऱ्याने सीईटीवरच भर दिला. त्याला तेथे ९९, म्हणजे शेकडा ५५ मिळाले, पण पीयूसीत २२५, म्हणजे शेकडा ७५. त्याची बेरीज ६५. वर्षभर शिकवणीवर्गाच्या खेपा घालून तो मागेच राहिला. शिवाय शास्त्रविषयांत ३० गुण प्रात्यक्षिकाचे आणि इतर विषयांत २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. नियमित हजेरी लावून, वह्या वेळेवर पूर्ण करून मिळणारे हे गुण आहेत. ते गमावणे म्हणजे दारी आलेला माल तसाच परत पाठवणे.

याउलट नीट देणाऱ्याचा हिशेब निराळा. तेथे पीयूसीचे गुण पात्रतेपुरतेच लागतात. क्रमांक नीटच्या ७२० गुणांवरच ठरतो. तेव्हा चारही शास्त्रविषय घेतलेल्या आणि वैद्यकाचाच निश्चय झालेल्या मुलीने दुसऱ्या वर्षी गणितात पहिले येण्याचा हट्ट धरू नये. गणित नीट उत्तीर्ण होण्याइतके करावे आणि वाचलेला वेळ जीवशास्त्राला द्यावा. कोणता विषय प्रवेशासाठी आणि कोणता उत्तीर्ण होण्यापुरता, हे जून महिन्यातच कागदावर लिहून ठेवावे. सहाही विषय सारख्याच जोमाने ओढण्याचा प्रयत्न करणारा बैल चढावावर बसतो.

भाषांविषयी दोन शब्द. अभियांत्रिकी व वैद्यक यांच्या क्रमांकात भाषांचे गुण धरले जात नाहीत, म्हणून काही मुले त्यांची हेळसांड करतात, तर काही अधिक गुणांच्या आशेने जिची ओळखही नाही अशी भाषा घेतात. पीयूसीला मराठी हा भाषाविषय म्हणून घेता येतो. जेथे महाविद्यालयात त्याची सोय आहे तेथे दहा वर्षे मराठीतून शिकलेल्या मुलाने तो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मी केवळ अभिमानाने म्हणत नाही. सहा विषयांच्या ओझ्यात एक तरी विषय असा असावा, जो वाचताना थकवा न येता विसावा मिळेल. पुढे कला किंवा वाणिज्य पदवीला जाणाऱ्याच्या एकूण गुणांत हे गुण उपयोगी पडतात ते वेगळेच.

आणि खरे ओझे आहे ते माध्यमाचे. मराठी शाळेत ‘परावर्तन’, ‘घनता’, ‘पेशी’ हे शब्द ज्याने समजून घेतले, त्याच्यापुढे महाविद्यालयात तीच कल्पना इंग्रजी वेषात येते आणि आपल्याला काहीच येत नाही अशी त्याची समजूत होते. पहिली चाचणी हातची जाते, मन खचते, आणि हुशार मूल मागच्या बाकावर जाऊन बसते. वस्तुतः त्याला विषय येत असतो; नावे तेवढी नवी असतात. दहावीची परीक्षा आणि पीयूसीचा आरंभ यांच्यामधील सुट्टीत रोज दहा शब्द, मराठी आणि इंग्रजी समोरासमोर, एका वहीत उतरवले तर दोन महिन्यांत सहाशे शब्द होतात. एवढी शिदोरी पुरेशी आहे. महागड्या वर्गाच्या शुल्कापेक्षा ही वही अधिक उपयोगी पडेल.

सीमाभागातील पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्राने आपला हक्क सांगितलेल्या ८६५ गावांतील, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी तेथील व्यावसायिक अभ्यासक्रमांत काही जागा राखून ठेवल्या जातात. त्यासाठी रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. वैद्यकासाठी नीटच पुरते, म्हणून त्या मुलाला निराळी परीक्षा द्यावी लागत नाही. अभियांत्रिकीसाठी मात्र महाराष्ट्राची सीईटी द्यावी लागते, आणि ती तेथील मंडळाच्या पुस्तकांवर आधारलेली असते. तेव्हा ही वाट धरायची की नाही हे वर्षाच्या आरंभीच ठरवावे. एप्रिलमध्ये सुचलेला विचार केवळ घोर वाढवतो. दाखले मात्र आधीपासून तयार असावेत. कागदपत्रांचे काम वडिलांनी करावे, अभ्यासाचे मुलाने. ही वाटणी झाली तरी मुलाचे कितीतरी दिवस वाचतील.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : झेपेल किती? याचे उत्तर शेजारच्या मुलाच्या गुणपत्रिकेत नसते. ते आपल्या मुलाच्या आठवी, नववी आणि दहावीच्या गुणपत्रिका एकापुढे एक ठेवल्या म्हणजे सापडते. ज्याला गणितात तिन्ही वर्षे कष्टाने पन्नास मिळाले त्याला दोन वर्षांत गणिताचा पंडित करण्याची हमी जो देतो, त्याच्यापासून सावध राहावे. गावातील कोणी म्हणेल, “अहो, एवढा हुशार पोरगा आणि कॉमर्सला?” त्या म्हणणाऱ्याला पुढची दोन वर्षे पहाटे पाचला उठावे लागणार नाही. उठावे लागणार आहे ते आपल्या मुलाला.

आणि समजा, निवड चुकली, अपयश आले, तरी जग बुडत नाही. २०२४ पासून कर्नाटकात पीयूसीची परीक्षा एकाच वर्षात पुन्हा देऊन त्यांतील उत्तम गुण राखण्याची सोय झाली आहे. शाखा बदलून एक वर्ष उशिरा पदवी घेणाऱ्याला पुढे त्या वर्षाबद्दल कोणी विचारीत नाही. मात्र न झेपणाऱ्या ओझ्याखाली जे मूल स्वतःला नालायक समजू लागते, त्याचा तो समज निघायला कधी कधी अर्धे आयुष्य जाते. निवडीत खरोखर पणाला लागते ते हे. महाविद्यालयातील जागा ही त्यामानाने लहान गोष्ट आहे.

तेव्हा या जूनमध्ये अर्ज भरण्यापूर्वी एका संध्याकाळी आईवडिलांनी मुलाला जवळ बसवावे. एका कागदावर त्याच्या दिवसाचे चोवीस तास मांडावेत, दुसऱ्यावर त्याला जावेसे वाटणारी दोनच ठिकाणे, दोनाहून अधिक नकोत, आणि तिसऱ्यावर त्या ठिकाणांना लागणारे विषय. मग त्याला विचारावे, “बाळ, हे तुला जमेल ना?” आणि तो जे सांगेल ते शांतपणे ऐकून घ्यावे. शेतात पेरणीपूर्वी आपण जमीन पाहतो, पाणी पाहतो, मगच बियाणे ठरवतो. मुलाच्या बाबतीतही तेवढाच विचार व्हावा, एवढीच माझी विनंती आहे.