होडीचें अंतरंग

वस्तूंचा नाश त्यांच्या शत्रूंपेक्षां कैवाऱ्यांच्याच हातून पुष्कळदां अधिक होतो, असें मी मुलांस शाळेंत सांगत आलों. परंतु त्याचें उदाहरण माझ्याच हातून घडलें, तेव्हां त्यांतील मर्म मला खरें कळलें. तो प्रकार निवेदन केल्यानें एखाद्या वाचकाच्या घरची जुनी वस्तु वांचेल, एवढ्याच हेतूनें लेखणी हातीं घेतली आहे.

आमचे वडील बंधु, ज्यांस आम्ही अण्णा म्हणत असूं, यांची एक लहान शिडाची होडी होती. लांबी बारा हात, फळ्या सागवानी, आणि नाळेच्या मागें दोर, शीड व शिदोरी ठेवण्यापुरती एक बुटकी कोठडी. दाभोळच्या खाडींत त्यांनीं ती तीस वर्षें हांकली. ते निवर्तल्यावर मीं ती कांठावर ओढवून घेतली, कोठडीचें दार लावलें, वर प्लॅस्टिकची ताडपत्री घालून चोहोंकडून दोरीनें घट्ट आवळली, आणि बंधूंचें ऋण अंशतः फिटलें असें समाधान मानिलें. चार पावसाळे गेले. गेल्या माघांत वहिनी म्हणाल्या, "भावोजी, नातवाला एकदां त्या होडींत बसलेला पाहावा असें मनांत आहे." तेव्हां ताडपत्री सोडली.

आंतून आलेल्या वासानेंच सर्व कथा सांगितली. कोठडीच्या भिंतींवर बुरशीचे पापुद्रे, तळफळ्यांखालीं काळें पाणी, आणि पाय ठेवतांच एक फळी मोडली. गांवांतील वृद्ध सुतारास बोलाविलें. त्यानें चाकूचें टोंक ठिकठिकाणीं रोवून पाहिलें. निरोगी लांकडांत तें अडे, कुजक्यांत शिजलेल्या सुरणांत शिरावें तसें शिरे. मग हातोडीनें ठोकून नाद ऐकला आणि म्हणाला, "मास्तर, खाऱ्या पाण्यानं हिला काय नाय केलं. वरचं गोडं पाणी आणि तुमची ताडपत्री, या दोघांनी हिला खाल्ली."

हें बोलणें शास्त्रास धरूनच होतें. लांकूड कुजतें तें नुसत्या पाण्यानें नव्हे, तर बुरशीनें. लांकडांतील ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या शेंकडा २० च्या आंत राहिली, तर ही बुरशी वाढत नाहीं. मीठ तिला मानवत नाहीं. म्हणून एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील जहाज बांधणारे बरगड्यांमधील पोकळींत मुद्दाम मीठ भरीत. सागाची कीर्तिही खोटी नव्हे. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें बांधलेली व १८१७ सालीं पाण्यांत सोडलेली 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही तरंगत आहे. मात्र तिच्या दुरुस्तीस दहा वर्षांहून अधिक काळ लागला व ती २००१ सालीं पुरी झाली. परंतु टिकतो तो सागाचा गाभा. सालीलगतचें पांढरट लांकूड सहज कुजतें, आणि आमच्या होडीच्या कांहीं बरगड्या त्याच लांकडाच्या निघाल्या. शेजारचे खारवी पावसाळ्यांत होड्यांवर झावळ्यांचें छप्पर घालतात, पण वारा खेळावा म्हणून दोन्ही टोंकें मोकळीं ठेवितात. हें मीं जन्मभर येतांजातां पाहिलें होतें. विचारलें मात्र कधींच नव्हतें.

पहिला मोह असा झाला कीं, खरवडून वर रंग द्यावा. ओल्या लांकडास रंग देणें म्हणजे जखम न धुतां पट्टी बांधणें होय. म्हणून आधीं पाण्याची वाट शोधली. कोठडीच्या छपराचा एक सांधा उघडला होता, आणि बरगड्यांच्या तळाशीं पाणी वाहून जाण्यासाठीं ठेवलेलीं भोंकें कचऱ्यानें बुजलीं होतीं. तीं मोकळीं केलीं. मग सहा आठवडे होडी सावलींत वाळविली. उन्हांत वाळविल्यास फळ्या तडकतात. कुजका भाग दिसत होता त्याच्या पलीकडे वीतभर कापून टाकिला. एक इंच जाडीच्या फळीस आठ इंच लांबीचा तिरकस सांधा देऊन नवें लांकूड बसविलें. त्या भागांतील लोखंडी खिळे सारे काढून तांब्याचे मारिले, कारण खाऱ्या पाण्यांत तांब्याच्या संगतीनें लोखंड अधिकच झपाट्यानें झिजतें. समुद्रावरील नौकेस लोखंड लावूं नये, चुंबकाचे खडक तिला ओढून घेतात, असें भोजाच्या नांवावरील 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत आहे. सुतारास मीं हें सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, "कारण कायबी असो, माणूस शहाणा होता." शेवटीं आंतून टांकणखाराचें पाणी दोनदां लाविलें, तें वाळल्यावर जवसाचें तेल दिलें, आणि कोठडीच्या दारास वर व खालीं हवेचे झरोके पाडिले. तळफळ्या आतां खिळलेल्या नाहींत; केव्हांही उचलून खालीं पाहतां येतें.

एक गोष्ट मात्र परत आली नाहीं. कोठडीच्या भिंतीवर अण्णांनीं भरतीच्या वेळा व वाऱ्याच्या खुणा पेन्सिलीनें लिहून ठेविल्या होत्या. त्या तीन फळ्यांपैकीं दोन कापून टाकाव्या लागल्या. तिसरी पुसून आहे तशीच ठेविली आहे.

वैशाखांत होडी पाण्यांत उतरविली. प्रथम सांध्यांतून पाणी झिरपलें. दोन दिवसांत फळ्या फुगून तें थांबलें. तिसऱ्या दिवशीं वहिनी नातवास घेऊन बसल्या. त्या फळीवरचीं अक्षरें त्यास वाचून दाखवितांना त्या मध्येंच थांबल्या. मीं दुसरीकडे पाहिलें.

यंदाच्या पावसाळ्यासाठीं झावळ्या विणून ठेविल्या आहेत. छपराचीं दोन्ही टोंकें मोकळीं राहतील. घरींही पोथ्यांची पेटी मीं दर आठवड्यास उघडूं लागलों आहें. वाचकांनीं आपल्या माळ्यावरच्या बंद पेट्या एकदां उघडून पाहाव्या, एवढीच विनंती.