सिगारचा कस: रंग, राख आणि क्युबाचं नाव

काळी सिगार कडक आणि फिकी सिगार सौम्य, हा सिगारबद्दलचा सर्वांत पक्का समज. प्रभादेवीत गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांमधल्या एखाद्या समारंभात परदेशाहून आणलेला डबा उघडला, की नवखा माणूस रंग बघूनच हात पुढे करतो किंवा मागे घेतो. पण तो रंग असतो फक्त वरच्या एका पानाचा. हाताने वळलेल्या उत्तम सिगारमध्ये आत लांब पानांचं सारण असतं, त्याला आवळून धरणारं बांधणीचं पान असतं आणि सगळ्यांत वर देखणं वेष्टण. चवीत वेष्टणाचा वाटा मोठा असला, तरी कडकपणा ठरतो मुख्यतः सारणावर. तंबाखूच्या झाडाच्या शेंड्याकडच्या पानांना ऊन भरपूर मिळतं. ती जाड, तेलकट आणि निकोटीनने भरलेली असतात. क्युबात त्यांना ‘लिहेरो’ म्हणतात. मधली पानं सुगंधासाठी वापरतात, बुडाकडची सिगार नीट जळावी म्हणून. ‘मादुरो’ नावाचं जवळजवळ काळं वेष्टण दीर्घकाळ आंबवल्यामुळे गडद होतं, आणि त्यात बहुतेकदा उतरते ती कोकोसारखी गोडसर चव.

राखेचंही तसंच. बोटभर लांब पांढरीशुभ्र राख म्हणजे अव्वल माल, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. राख टिकली तर एवढंच कळतं, की आत तुकडे नसून अखंड पानं आहेत आणि वळणाऱ्याचा हात सफाईदार आहे. राखेचा रंग बराचसा मातीतल्या खनिजांवर अवलंबून असतो. चवीबद्दल राख काहीच सांगत नाही.

मग जाणकार पाहतात काय? आधी बोटांनी चाचपून कुठे गाठ किंवा पोकळी नाही ना, ते बघतात. टोक कापल्यावर न पेटवताच एक झुरका ओढतात. हवा अडली तर सारण फार घट्ट भरलंय. पेटल्यावर जळण्याची कड सगळीकडून सारखी पुढे सरकते का, यावर लक्ष ठेवतात. धूर छातीत घेत नाहीत, तोंडात घोळवतात. थोडा नाकावाटे सोडतात, कारण आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो. मिनिटाला साधारण एक झुरका, त्याहून घाई केली तर धूर तापतो आणि कडवटपणा येतो. पहिला, मधला आणि शेवटचा तिसरा हिस्सा वेगवेगळा जोखतात. आणि खरी परीक्षा घ्यायची असेल, तर आधी सिगारवरची कागदी पट्टी काढून टाकतात.

पट्टी काढायची ती ‘क्युबाची म्हणजे सर्वोत्तम’ या समजामुळे. क्युबाच्या तंबाखूची थोरवी खरीच आहे. मात्र क्रांतीनंतर तिथले अनेक सिगार व्यावसायिक देश सोडून गेले, १९६२ साली अमेरिकेने व्यापारबंदी लादली, आणि डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वा इथे हा धंदा बहरला. आज तिथल्या सिगारी क्युबाच्या तोडीस तोड ठरतात. शिवाय क्युबाच्या नावाने बनावट माल जगभर खपतो. काचेच्या झाकणाच्या पेटीत ‘अस्सल क्युबन’ दिसली, तर ती नकली आहे असं खुशाल समजावं.

सिगार कितीही उत्तम असो, मुंबईची हवा तिला मानवत नाही. तिला लागते ६५ ते ७२ टक्के आर्द्रता आणि वीस अंशांच्या आसपास तापमान. समुद्राला लागून असलेल्या प्रभादेवीत पावसाळ्यात आर्द्रता याच्या कितीतरी वर जाते आणि बुरशी धरते. तापमान २४-२५ अंशांपुढे गेलं, की पानात लपलेली तंबाखूच्या भुंग्याची अंडी फुटतात आणि अळ्या सिगार आरपार पोखरतात. फ्रिजमध्ये ठेवावी, तर ती कोरडी पडते आणि तिला इतर पदार्थांचे वासही लागतात.

‘हाताने वळणं’ ही खास परदेशी कला आहे, असं मानणाऱ्यांनी सोलापूरकडे बघावं. आपल्या देशाने १९६६ साली केलेला कायदा विडी आणि सिगार कामगारांसाठी एकच होता. सोलापुरात हजारो बायका तेंदूच्या पानात तंबाखू भरून विड्या वळतात आणि त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. शहराजवळ कुंभारीत याच कामगारांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. हवानातल्या कारागिराच्या बोटांचं जितकं कौतुक होतं, तितकंच या बोटांचं व्हायला हवं.

आता सर्वांत घातक गैरसमज: रसायनं नाहीत, शुद्ध पान आहे, धूर छातीत घेत नाही, म्हणून सिगार निरुपद्रवी. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध सिद्ध झालेला आहे. हातवळणीचं शुद्ध पान किती सुरक्षित, याचं उत्तर खुद्द मुंबईने दिलं आहे. १९९१ पासून मतदारयाद्यांच्या आधारे इथल्या ३५ वर्षांवरच्या नागरिकांची पाहणी झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत तंबाखू न वापरणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांमध्ये मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी जास्त आढळला. विडी ओढणाऱ्यांमध्ये तो ६४ टक्क्यांनी जास्त होता.

सिगारची पारख हा एक अभ्यास आहे, आणि पान, माती, हात यांच्याबद्दलचा हा अभ्यास न ओढताही करता येतो. ज्यांना तंबाखू सोडायची आहे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइनचा निःशुल्क क्रमांक आहे १८००-११-२३५६.