दोन भाषांमधला लेखी करार : फोर्ट्रानमधून सी लायब्ररी कशी वापरावी



समजा, आपल्याकडे फोर्ट्रानमध्ये लिहिलेला, वर्षानुवर्षे तपासून घेतलेला एक प्रोग्रॅम आहे. त्याला लागणारे एक गणित सी भाषेतल्या उत्तम लायब्ररीत तयार आहे. आता काय करायचे? प्रोग्रॅम सीमध्ये नव्याने लिहायचा, की लायब्ररी फोर्ट्रानमध्ये? दोन्ही नको. फोर्ट्रानमधून सीला थेट हाक मारता येते, आणि फोर्ट्रानच्या २००३ च्या प्रमाणकापासून त्याची रीतसर सोय आहे. ही सोय कशी वापरायची आणि फसगत कुठे होते, ते आज पाहू.

पहिला प्रश्न येतो तो असा : फोर्ट्रान अजून कोण वापरते? १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने तयार केलेली ही भाषा. मी राहतो त्या चेन्नईत आयआयटी मद्रासला १९७३ मध्ये आयबीएम ३७०/१५५ हा संगणक आला, तेव्हा शास्त्रीय गणिताची भाषा मुख्यतः हीच होती. आजही हवामानाचे डब्ल्यूआरएफ हे मॉडेल बहुतांशी फोर्ट्रानमध्ये आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने इथल्या मरीना किनाऱ्यावर माणसे नेली. त्यानंतर २००७ मध्ये हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेत पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. तिथे वापरले गेलेले 'तुनामी एन-२' हे जपानच्या तोहोकू विद्यापीठातले मॉडेलही फोर्ट्रानचेच. म्हणजे या भाषेतल्या आकड्यांवर किनाऱ्यावरच्या लोकांचा जीव अवलंबून असतो. ते चुकून चालत नाहीत.

आता उदाहरण समुद्राचेच घेऊ. बंदरातल्या भरतीमापकाची दर तासाची नोंद आपल्याकडे आहे. चंद्रामुळे येणारी मुख्य भरती १२.४२ तासांनी येते, सूर्यामुळे येणारी १२ तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोन्ही एकत्र आल्या की उधाण, अष्टमीच्या सुमारास एकमेकींच्या विरुद्ध गेल्या की भांगाची भरती. साडेएकोणतीस दिवसांच्या नोंदी घेतल्या तर त्या ७०८ होतात. तेवढ्या काळात चंद्राच्या भरतीची ५७ आवर्तने बसतात आणि सूर्याच्या भरतीची ५९. नोंदींच्या या गर्दीतून दोन्ही वेगळ्या काढण्याचे गणित म्हणजे फूरियर रूपांतर.

ते सरळ पद्धतीने केले तर ७०८ गुणिले ७०८, म्हणजे पाच लाखांवर गुणाकार होतात. जलद पद्धतीने तेच काम काही हजारांत आटोपते. ही जलद पद्धत एमआयटीत मॅटिओ फ्रिगो आणि स्टीव्हन जॉन्सन यांनी 'एफएफटीडब्ल्यू' या सी लायब्ररीत बांधून ठेवली आहे. तीच आपल्याला फोर्ट्रानमधून वापरायची आहे.

जुन्या मद्रासमध्ये कंपनीचे व्यापारी आणि इथले विणकर, सावकार यांच्या मधे 'दुबाश' असत. दुबाश म्हणजे आपला दुभाषी. ज्यांच्या नावाने इथे कॉलेज आहे ते पच्चयप्पा मुदलियार अठराव्या शतकातले असेच नामांकित दुबाश. दुबाशाशिवाय व्यवहार होत नसे, पण त्याने काय सांगितले ते पडताळण्याची सोयही साहेबाकडे नसे. २००३ पूर्वी फोर्ट्रान आणि सी यांची गाठ अशीच पडायची. फंक्शनच्या नावापुढे अंडरस्कोर लावायचा की नाही, कोणता आकडा किती बाइटचा, हे कंपायलरप्रमाणे बदलायचे. सगळा मामला तोंडी.

२००३ च्या प्रमाणकाने हा करार लेखी केला. फोर्ट्रानमध्ये 'आयएसओ सी बाइंडिंग' नावाचे मोड्यूल आले. सीच्या फंक्शनचे पूर्ण वर्णन आपण एका 'इंटरफेस' ब्लॉकमध्ये लिहायचे आणि त्याला 'बाइंड सी' अशी खूण करायची. या करारातली मुख्य कलमे पाच आहेत.

पहिले कलम नावाचे. फोर्ट्रानला लहान-मोठी अक्षरे सारखीच, सीला ती वेगळी. म्हणून 'बाइंड सी'च्या कंसात सीमधले नाव अवतरणचिन्हांत, अक्षरशः जसेच्या तसे लिहावे. अंडरस्कोरचा घोळ इथेच मिटतो.

दुसरे कलम मापाचे. फोर्ट्रानचा साधा 'रिअल' बहुधा चार बाइटचा असतो, सीचा 'डबल' आठ बाइटचा. चार बाइटवाले ७०८ आकडे आठ बाइटचे समजून वाचले, तर दोन-दोन आकड्यांचा मिळून एक भलताच आकडा तयार होतो. ३५४ आकड्यांत आपली नोंद संपते आणि पुढे सी शेजारच्या मेमरीत शिरते. म्हणून चल घोषित करतानाच 'सी डबल', 'सी इंट' ही मोड्यूलमधली मापे वापरावीत.

तिसरे कलम देण्याघेण्याचे. फोर्ट्रान साधारणपणे आकड्याचा पत्ता पाठवते. सी मात्र साधा आकडा खुद्द आकडा म्हणूनच घेते. ७०८ ही संख्या देताना इंटरफेसमध्ये 'व्हॅल्यू' हा शब्द राहिला, तर सी त्या पत्त्यालाच नोंदींची संख्या समजते. ॲरेसाठी हा शब्द लागत नाही, कारण सीलाही ॲरेचा पत्ताच हवा असतो.

चौथे कलम रांगांचे. कोष्टक मेमरीत ठेवताना फोर्ट्रान उभ्या स्तंभाने जाते, सी आडव्या ओळीने. मोजणीही फोर्ट्रान एकपासून सुरू करते, सी शून्यापासून. म्हणून शंभर गुणिले दोनशे असे फोर्ट्रानमधले कोष्टक एफएफटीडब्ल्यूला देताना मापे उलटी, आधी दोनशे मग शंभर, अशी सांगावी लागतात. सैन्यात नकाशावरचा ग्रिड सांगताना पूर्वेचा आकडा आधी आणि उत्तरेचा नंतर असा दंडक आहे. अदलाबदल झाली तरी नकाशावर एक ठिकाण सापडतेच, फक्त ते भलते असते. कोष्टकाचेही तसेच आहे. ओरड कुणी करत नाही, उत्तर मात्र दुसऱ्याच प्रश्नाचे येते.

पाचवे कलम ठेवीचे. गणितापूर्वी एफएफटीडब्ल्यू एक 'प्लॅन' बनवते. त्याच्या आत काय आहे हे फोर्ट्रानला कळण्याची गरज नाही. तो 'सी पॉइंटर' प्रकारच्या चलात ठेवायचा, लागेल तेव्हा परत द्यायचा, आणि काम झाल्यावर नष्ट करण्याचे फंक्शन बोलवायचे. प्लॅन हाती आला की नाही, हे 'सी असोसिएटेड' या फंक्शनने आधी तपासावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'मेझर' या पर्यायाने प्लॅन बनवताना एफएफटीडब्ल्यू तुमच्या ॲरेमधले आकडे पुसून टाकते. म्हणून आधी प्लॅन, मग नोंदी भरणे.

प्रोग्रॅम जोडताना लायब्ररीचे नाव आपल्या फायलींच्या नंतर लिहावे. अनेक लिंकर त्याच क्रमाने शोध घेतात.

इतके लिहिण्याचा फायदा काय? इंटरफेस असला की चुकीच्या मापाचा आकडा दिल्याबरोबर कंपायलर अडवतो. चूक समुद्रावर न सापडता टेबलावरच सापडते. पण एक गोष्ट कंपायलरही पाहू शकत नाही : तुम्ही लिहिलेला इंटरफेस सीमधल्या खऱ्या फंक्शनशी जुळतो का? तिथे दुबाश तुम्हीच आहात. म्हणून लायब्ररीने स्वतः तयार फोर्ट्रान इंटरफेस दिला असेल तर तोच घ्यावा. एफएफटीडब्ल्यू तो देते. हाताने लिहायची वेळ आलीच, तर सीची हेडर फाईल शेजारी उघडी ठेवून ओळीला ओळ लावावी.

आणि त्यानंतरही विश्वास ठेवू नये. वायरलेसवर ग्रिड सांगितला की पलीकडचा तो परत म्हणून दाखवतो, तशी परीक्षा इथे घ्यावी. खऱ्या नोंदी देण्यापूर्वी १२.४२ तासांची, ४० सेंटिमीटर उंचीची एक कृत्रिम लाट बनवा आणि तिच्या ७०८ नोंदी लायब्ररीला द्या. उत्तरात ३५५ संमिश्र संख्या येतील. सर्वांत मोठी संख्या ५७ आवर्तनांच्या जागी हवी, म्हणजे एकपासून मोजणाऱ्या फोर्ट्रान ॲरेत ५८ व्या घरात. तिचे मान ४० गुणिले ३५४, म्हणजे १४,१६० च्या जवळ यायला हवे. मग उलटे रूपांतर करा. मूळ लाट ७०८ पट होऊन परत येईल, कारण ही लायब्ररी स्वतःहून भागाकार करत नाही. शिखर ५७ व्या घरात दिसले तर मोजणी चुकली. उंची जुळली नाही तर माप तपासा. नुसता कचरा आला तर 'व्हॅल्यू' शोधा.

ही काळजी जास्तीची वाटते का? सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळापाशी पोहोचून नष्ट झाले. जमिनीवरच्या एका प्रोग्रॅमने आकडे पौंडात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये आहेत असे समजून घेतले. फरक सुमारे साडेचार पट. दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या जागी गणित करतच होते. तुटले ते त्यांच्या मधले बोलणे.

दोन भाषांच्या सीमेवरही हेच होते. तुमचा फोर्ट्रान प्रोग्रॅम अनुभवी आहे, सी लायब्ररीही अनुभवी आहे. एकीला दुसरीच्या भाषेत नव्याने लिहिले, तर तो सगळा अनुभव पाण्यात जातो. दोघांना तसेच राहू द्या, आणि मधला करार स्पष्ट लिहा. त्यातली प्रत्येक ओळ अशा उदाहरणावर तपासा, ज्याचे उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे. भरतीचा अंदाज असो की त्सुनामीचा, किनाऱ्यावरच्या माणसापर्यंत फक्त शेवटचा आकडा पोहोचतो. तो कोणत्या भाषेतून आला हे त्याला माहीत नसते, आणि पडताळण्याची सोयही त्याच्याकडे नसते. ती सोय आपल्याकडे आहे.

७०८ नोंदींची ती कृत्रिम लाट आज करून पाहा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.